घोडा कोणता आणि पोनी कोणता? जातींचे गुणधर्म आणि त्यामागची कारणे

रिकीब:

घोड्यांच्या जातींविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात बहुतेकदा रंग, उंची आणि मूळ देश एवढ्यावरच वर्णन आटोपते. अमुक जात चपळ, तमुक जात काटक, तिसरी देखणी, अशी विशेषणे वाचून हाती फारसे काही लागत नाही, कारण कोणत्याही दोन जातींची विशेषणे आपसात बदलली तरी वाक्य बिघडत नाही. या धाग्यात जरा वेगळ्या अंगाने चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे. माझे म्हणणे असे की, एखादी जात समजून घ्यायची असेल तर तिच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या कोणते काम करून घेतले गेले, ती कोणत्या जमिनीवर आणि हवामानात वाढली, आणि तिची वंशनोंद, म्हणजे स्टडबुक, कोणत्या नियमांनी चालते, हे आधी पाहावे. रंगरूपाचा विचार त्यानंतर करावा.

सुरुवात पोनीपासून करतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. पोनी म्हणजे घोड्याचे पिल्लू नव्हे. घोड्याचे पिल्लू ते शिंगरू, आणि पोनी हा पूर्ण वाढ झालेला पण लहान चणीचा घोडाच असतो. प्रचलित नियमाप्रमाणे १४.२ हॅण्डपर्यंत उंची असलेल्या जनावराला पोनी म्हणतात. एक हॅण्ड म्हणजे ४ इंच, आणि टिंबानंतरचा आकडा दशांश नसून उरलेले इंच असतात, त्यामुळे १४.२ म्हणजे ५८ इंच, अर्थात सुमारे १४७ सेंटिमीटर. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ स्पर्धांसाठी नालांशिवाय १४८ आणि नालांसह १४९ सेंटिमीटर ही मर्यादा धरतो.

ही उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथे जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथपर्यंत मोजतात. घोडा सपाट, टणक जमिनीवर उभा करतात, पुढचे दोन्ही पाय सरळ आणि एका रेषेत घेतात, आणि मान फार वरही नाही व फार खालीही नाही अशी राहू देतात. मग पाणसळ बसवलेली मोजपट्टी त्या उंचवट्यावर अलगद टेकवतात. घोड्याने मान ताणली, अंग आखडले किंवा एक पाय सैल सोडला की आकडा लगेच बदलतो. एक-दोन सेंटिमीटरवरून स्पर्धांमध्ये वाद होतात ते यामुळेच.

पण नुसती उंची पुरेशी नाही. आइसलँडचा घोडा साधारण १३ ते १४ हॅण्डचा असूनही त्याला घोडाच म्हणतात. अर्जेंटिनातील फालाबेला जेमतेम आठ हॅण्डच्या आसपास भरतो, तरी त्याची गणना लघुअश्वात होते. उलट पोलोच्या खेळातील जनावराला आजही पोलो पोनी म्हणतात, वास्तविक उंचीची जुनी मर्यादा पहिल्या महायुद्धानंतर उठली आणि आजचे बहुतेक पोलो पोनी १५ हॅण्डच्या आसपास असतात. वेल्श जातीत तर एकाच स्टडबुकात चार विभाग आहेत: ‘ए’ विभागाची मर्यादा १२ हॅण्ड, ‘बी’ आणि ‘सी’ या दोन्हींची १३.२, आणि ‘डी’ म्हणजे वेल्श कॉबला (कॉब म्हणजे आखूड पायांचा, भरीव बांध्याचा घोडा) वरची मर्यादाच नाही. ‘बी’ आणि ‘सी’ यांची उंची सारखी असताना विभाग वेगळे आहेत, ते बांध्यामुळे: ‘बी’ हलका आणि स्वारीचा, ‘सी’ भरीव आणि कॉबच्या घडणीचा.

निशिगंध:

धागा आवडला. एक शंका विचारते. आइसलँडचा घोडा पोनीच्या मापात बसूनही घोडा, आणि आयर्लंडचा कॉनेमारा १४८ सेंटिमीटरच्या मर्यादेपर्यंत पोहोचूनही पोनी. मग हे नाव केवळ परंपरेने ठरते, की शरीररचनेत खरोखर काही फरक असतो? इराणमधील कॅस्पियन घोडा तर १० ते १२ हॅण्डचाच असतो. त्याला पोनी म्हटले की त्याचे पाळणारे नाराज होतात, असे वाचले आहे.

रिकीब:

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आइसलँडच्या बाबतीत परंपरेचा भाग मोठा आहे. त्या बेटावर घोड्याची दुसरी जातच नसल्याने ‘लहान घोडा’ असा भेद करण्याची वेळ तिथे कोणावर आली नाही. शिवाय तो घोडा अंगाने लहान असला तरी वयात आलेल्या माणसाला घेऊन खडकाळ वाटेने दिवसभर चालतो.

कॅस्पियनचा दावा मात्र शरीररचनेवर उभा आहे. ठरावीक पोनीच्या अंगाचे प्रमाण पाहा: धडाच्या मानाने पाय आखूड, पिंजरा गोल आणि खोल, मान जाड, कपाळ रुंद, कान छोटे, आयाळ आणि शेपूट दाट, गुडघ्याखालचे हाड उंचीच्या मानाने भक्कम. कॅस्पियनमध्ये यातले फारसे काही दिसत नाही. तो सडपातळ, लांब पायांचा, पातळ कातडीचा, म्हणजे मोठ्या घोड्याची छोटी प्रतिकृती वाटावा असा असतो. १९६५ मध्ये लुईस फिरूझ यांनी उत्तर इराणमध्ये या छोट्या घोड्यांचा शोध लावला आणि त्यांच्या पैदाशीला सुरुवात केली. त्याआधी ही जात जवळपास विस्मृतीत गेली होती. छायाचित्रातून उंचीचा संदर्भ काढून टाकला तर कॅस्पियन आणि शेटलँड यांतील घोडा कोणता हे नवखा माणूसही ओळखेल, असे मला वाटते.

मोतद्दार:

बांध्याबद्दल रिकीब यांनी लिहिले ते योग्यच आहे. परंतु पोनीचे खरे वेगळेपण त्याच्या पचनात आणि चयापचयात आहे, आणि ज्यांच्या हाती जनावराची निगा असते त्यांना ते सर्वांत आधी कळते.

शेटलँड घ्या. या जातीची कमाल उंची ४२ इंच. झाडोरा नाही, वारा सतत, गवत विरळ आणि हिवाळा लांब, अशा बेटांवर जे जनावर कमी खाऊन अंग धरून ठेवील तेच जगले. गोलसर, भरीव देह, आखूड पाय आणि छोटे कान यांमुळे वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग कमी राहतो आणि उष्णता कमी निसटते. हिवाळी केसांचे दोन थर असतात. आतला मऊ आणि दाट, बाहेरचा लांब आणि राठ, ज्यावरून पाणी ओघळून जाते. अशा घोड्याच्या पाठीवर बर्फ साचलेला दिसला म्हणून हळहळू नये. आतली ऊब बाहेर येत नाही, म्हणूनच तो वितळत नाही. सायबेरियातील याकूत घोड्याने हाच मार्ग अधिक टोकापर्यंत नेला आहे. उणे ५० अंशांखाली जाणाऱ्या हिवाळ्यात तो उघड्यावर राहतो आणि बर्फ खुराने उकरून खालचे गवत खातो. याकूत लोकांबरोबर हे घोडे तिथे सुमारे तेराव्या ते पंधराव्या शतकात आले, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात अगदी अलीकडे. तरीही आखूड पाय, दाट केस आणि चरबी साठवण्याची क्षमता एवढ्या अवधीत पक्की झाली.

आता याची दुसरी बाजू. जे शरीर टंचाईसाठी घडले आहे, त्याला हिरव्यागार, शर्करायुक्त गवताच्या कुरणात सोडले की ते आजारी पडते. पोनींमध्ये इन्शुलिनचे नियमन बिघडण्याची प्रवृत्ती अधिक असते आणि त्यातून लॅमिनायटिस होतो. खुराच्या आतील हाडाला खुराच्या भिंतीशी बांधून ठेवणाऱ्या नाजूक पडद्यांना इजा होते, आणि आजार वाढला तर ते हाड जागचे हलते. त्यामुळे पोनी पाहताना मी आधी मानेचा वरचा काठ चाचपतो. तो हाताने इकडेतिकडे सहज वळत असेल तर ठीक. कडक, जाडजूड आणि एका बाजूला कललेला लागला तर तिथे चरबी साचली आहे. मग फासळ्या बोटांना जाणवतात का ते पाहावे, खुरावर तळवा ठेवून ऊब पाहावी आणि घोट्याच्या मागे नाडी लागते का ते तपासावे. निरोगी जनावरात ती नाडी शोधावी लागते. लॅमिनायटिसमध्ये ती बोटाखाली ठसठसते. पुढच्या पायांवरचा भार काढण्यासाठी पोनी मागे रेलून उभा राहू लागला असेल, तर तपासणी आटोपून थेट पशुवैद्याला बोलवावे. इतक्या उशिरा चारा कमी करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

‘पोनी थोडक्यात भागतो’ हा गुण म्हणून सांगतात. तो गुण आहेच, परंतु भरपूर चाऱ्याच्या ठिकाणी तोच त्याच्या मुळावर येतो.

काजवा:

आइसलँडच्या घोड्याचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या चालीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. बहुतेक घोड्यांना कदमचाल, दुडकी आणि दौड या चाली जन्मतः येतात. आइसलँडच्या घोड्याला याशिवाय ‘टोल्ट’ येते, आणि काहींना ‘स्केइद’ ही वेगवान पाचवी चालही येते. टोल्टमध्ये पाय पडण्याचा क्रम असा असतो: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. क्रम कदमचालीचाच, पण वेग कितीतरी अधिक. दुडकीत तिरपी जोडी एकदम उचलली जाते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो, म्हणून स्वाराला हिसका बसतो. टोल्टमध्ये एक ना एक पाय सतत जमिनीवर असतो, त्यामुळे पाठ जवळपास स्थिर राहते. डोळे मिटून ऐकले तरी फरक कळतो. दुडकीचे दोन ठोके, टोल्टचे चार, तेही एकसारख्या अंतराने.

२०१२ मध्ये या चालीमागचा जनुकीय दुवा सापडला. ‘डीएमआरटी३’ या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे त्याचे प्रथिन अपुरे तयार होते, आणि मज्जारज्जूतील ज्या पेशी पायांचा ताळमेळ राखतात त्यांच्या कामावर परिणाम होतो. हाच बदल पासो फिनो, टेनेसी वॉकिंग हॉर्स अशा खास चालीच्या जातींमध्ये आढळतो. एवढेच नव्हे तर गाडी ओढत दुडकीने शर्यत धावणाऱ्या स्टँडर्डब्रेडमध्येही तो आहे. दुडकी मोडून दौडीत जाण्याची ओढ त्यामुळे कमी होत असावी. पुढे पुरातन हाडांतील डीएनए तपासला, तेव्हा या बदलाचे सर्वांत जुने नमुने नवव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडले आणि त्यांच्या मागोमाग आइसलँडमध्ये. म्हणजे समुद्र ओलांडून वसाहत करणाऱ्यांनी हे सुखाच्या चालीचे घोडे निवडून नेले असणे संभवते.

त्यानंतर त्या बेटाने दारे लावून घेतली. सन ९८२ च्या सुमारास बाहेरून घोडे आणण्यास बंदी झाली असे मानले जाते, आणि आजही बेटाबाहेर गेलेला घोडा परत येऊ शकत नाही, अगदी स्पर्धेसाठी गेला असला तरी. एवढा दीर्घकाळ वेगळे राहिल्याने तिथल्या घोड्यांना मुख्य भूमीवरील अनेक रोगांचा परिचयच नाही. बंदी कायम ठेवण्याचे ते मोठे कारण आहे.

राजस्थानच्या मारवाडी आणि सौराष्ट्राच्या काठियावाडी घोड्यांची ‘रेवाल’ चालही अशीच सुखाची आहे. या दोन जातींचे कान आत वळून टोकांशी एकमेकांना भिडतात, आणि काठियावाडीत तो वळसा जास्त स्पष्ट असतो. लोक त्या कानांवरच थांबतात. रेवाल चालीबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, याचे वाईट वाटते.

एक कटू बाबही नोंदवतो. टेनेसी वॉकिंग हॉर्सच्या प्रदर्शनांत पुढचे पाय अवास्तव उंच उचलले जावेत म्हणून पायांना मुद्दाम इजा करण्याची प्रथा पडली होती, आणि ती रोखण्यासाठी अमेरिकेत १९७० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. निसर्गाने जे फुकट दिले होते तेही माणसाला पुरले नाही.

पिंपळपान:

आतापर्यंतची चर्चा जमीन आणि काम यांवर झाली. स्टडबुकाविषयी मला थोडे परखड लिहायचे आहे. माझ्या मते आज आपण ज्याला जात म्हणतो ती बऱ्याच अंशी गेल्या अडीचशे वर्षांतील कागदपत्रांची निर्मिती आहे.

थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये आलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन हे तीन नर या जातीचे मूळपुरुष मानले जातात. ‘जनरल स्टडबुक’ १७९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. पुढे बाहेरच्या रक्ताला वाव उरला नाही, आणि आज जगातील सुमारे ९५ टक्के थरोब्रेड नरांची पितृरेषा एकट्या डार्ली अरेबियनपर्यंत, तीही प्रामुख्याने १७६४ मध्ये जन्मलेल्या एक्लिप्स या घोड्यामार्फत, पोहोचते. या जातीत कृत्रिम रेतन मान्य नाही. नोंदणी हवी असेल तर प्रत्यक्ष संयोग झालाच पाहिजे. एवढ्या कडक शिस्तीतून वेग नक्कीच मिळाला. पण लांब, हलकी हाडे, उतावळा स्वभाव, पातळ खूर आणि आपसातील वाढते नाते हेही त्याच शिस्तीचे देणे आहे.

अमेरिकन क्वार्टर हॉर्सची संस्था १९४० मध्ये स्थापन झाली. पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, अंतर विजेसारखे कापणारा आणि गुरे वळवताना जागच्या जागी फिरणारा हा घोडा. मागचा भाग भरदार आणि उंची बेताची. पुढे प्रदर्शनांमध्ये स्नायूंना अधिक गुण मिळू लागले, आणि १९६९ मध्ये जन्मलेला ‘इम्प्रेसिव्ह’ हा नर त्याच्या अफाट स्नायूंमुळे सर्वांना हवाहवासा झाला. त्याच्या वंशजांमध्ये ‘एचवायपीपी’ हा आजार पसरला. स्नायूंतील सोडियमचे मार्ग नीट बंद होत नाहीत, रक्तातील पोटॅशियम वाढते, अंग थरथरते, आणि घोडा कोसळूही शकतो. पाहणाऱ्यांनी ज्या फुगीर स्नायूंना दाद दिली, त्यांच्यामागे हा दोषही होता. सदोष जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या, २००७ पासून जन्मलेल्या शिंगरांची नोंदणी संस्थेने थांबवली. एक प्रत असलेल्यांची नोंदणी मात्र चालूच राहिली, हे मला पटत नाही.

रिकीब:

पिंपळपान यांच्या म्हणण्यातील बराच भाग मान्य आहे. पण सर्व स्टडबुके बंदिस्त नसतात, एवढी पुस्ती जोडतो.

घोड्यांचे ‘उष्ण रक्ताचे’, ‘थंड रक्ताचे’ आणि ‘उबदार रक्ताचे’ असे तीन गट सांगतात. रक्ताच्या तापमानाशी याचा काही संबंध नाही. अरबी, थरोब्रेड आणि अखाल-तेके हे तल्लख, हलक्या हाडांचे घोडे पहिल्या गटात. ओझ्याचे धिप्पाड घोडे दुसऱ्यात. आणि या दोहोंच्या संकरातून, मुख्यतः युरोपात, घडवलेले वॉर्मब्लड तिसऱ्यात. या तिसऱ्या गटातील बहुतेक स्टडबुके उघडी असतात. हॅनोव्हेरियन जातीचा पाया १७३५ मध्ये जर्मनीतील सेले येथे स्थापन झालेल्या सरकारी अश्वपैदास केंद्रात घातला गेला. तिथे आई-वडिलांच्या नावाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व प्रत्यक्ष परीक्षेला असते. नराची चाल, उडी, स्वभाव आणि आरोग्य तपासूनच त्याला पैदाशीचा परवाना मिळतो, आणि दुसऱ्या जातीचा नर कसोटीला उतरला तर त्यालाही प्रवेश मिळू शकतो. घोडा गाडीला आणि नांगराला जुंपायचा होता तेव्हा हॅनोव्हेरियन जड होता. कामाची गरज संपून खेळांची मागणी आली, तेव्हा थरोब्रेड आणि ट्राकेनेर यांचे रक्त घालून तोच हलका केला गेला. नाव तेच राहिले, घोडा बदलला.

याच्या अगदी उलट टोकाला हाफलिंगर. दक्षिण टिरोलमधील या सोनेरी-तांबूस, फिकट आयाळीच्या डोंगरी घोड्यांची प्रत्येक पितृरेषा १८७४ मध्ये जन्मलेल्या ‘फोली’ नावाच्या एकाच नरापर्यंत जाते. फ्रीजियनची कथा आणखी निसरडी आहे. १९१३ मध्ये त्या स्टडबुकात पैदाशीचे अवघे ३ नर उरले होते. आज चित्रपटांतून आणि मिरवणुकांतून हा काळाभोर, लांब आयाळीचा घोडा सर्वत्र दिसतो. त्या अरुंद वाटेतून आलेले बुटकेपणा, जन्मजात मेंदूत पाणी साठणे आणि अन्ननलिकेचे विकार यांची झळ मात्र पैदास करणाऱ्यांनाच पोहोचते.

अरबी घोड्यावर कोणीतरी स्वतंत्रपणे लिहावे. आतल्या बाजूला दबलेली नाकाची रेषा आणि उंच धरलेली शेपूट सर्वांना आठवते, पण दीर्घ पल्ल्याच्या १६० किलोमीटरच्या शर्यतींवर त्याचे राज्य आहे, ही त्याची खरी ओळख होय.

निशिगंध:

रंगांचे काय? पालोमिनो आणि अपालूसा यांची नावे जातींच्या यादीत नेहमी दिसतात. रंगावरून जात ठरते का?

मोतद्दार:

पालोमिनो हा रंग आहे, जात नव्हे. तांबूस घोड्यात ‘क्रीम’ जनुकाची एक प्रत आली की अंग सोनेरी आणि आयाळ पांढुरकी होते. दोन प्रती आल्या की घोडा जवळपास पांढरा आणि निळ्या डोळ्यांचा होतो. त्यामुळे दोन पालोमिनोंच्या संकरात सरासरीने निम्मी शिंगरेच पालोमिनो निघतात, पाव तांबूस आणि पाव क्रेमेलो, म्हणजे त्या जवळपास पांढऱ्या. रंग शुद्ध उतरतच नसल्याने त्यातून जात घडवता येत नाही. अपालूसाचे तसे नाही. ठिपके हे त्याचे लक्षण असले तरी त्याची स्वतंत्र जात आहे. मात्र ठिपक्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या घोड्याला रात्री दिसत नाही, हे खरेदी करणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते.

काही वेळा रंग हीच जातीची अट असते. इंग्लंडचा सफोक पंच नेहमी तांबूसच असतो. लिपिझानर जन्मतः काळपट असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. १५८० मध्ये लिपिका येथे ज्याची पैदास सुरू झाली आणि व्हिएन्नाच्या अश्वविद्यालयात जो आजही नाचतो, त्या घोड्याची शुभ्रता म्हणजे अकाली पिकलेले केस आहेत. हा बदल घडवणाऱ्या जनुकाचा शोध २००८ मध्ये लागला. त्याच बदलामुळे त्वचेत मेलानोमाच्या (एक प्रकारच्या कर्करोगाच्या) गाठी होण्याचा धोका वाढतो. १५ वर्षांहून मोठ्या अशा घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांमध्ये त्या आढळतात. शेपटीच्या खाली काळसर, कठीण गोळ्या हाताला लागतात. बहुतेक काळ त्या मुकाट असतात, पण दुर्लक्ष करू नये.

सर्वांत सांभाळायचा प्रकार म्हणजे ‘फ्रेम’ नमुन्याचे अबलख. असे दोन घोडे एकत्र आणले तर चारांत एक शिंगरू पूर्ण पांढरे जन्मते, आणि आतड्यांत मज्जापेशीच तयार न झाल्याने काही दिवसांतच दगावते. जनुकीय चाचणी साधी आहे. ती न करता असा संकर करण्याला कोणतेही समर्थन नाही.

दुडक्या:

मी नुकताच शिकू लागलो आहे. ओझ्याचे मोठे घोडे स्वभावाने गरीब असतात आणि पोनी हट्टी असतात, असे सगळे सांगतात. नवशिक्याने मग मोठाच घोडा निवडावा काय?

मोतद्दार:

मोठे घोडे सरासरीने शांत असतात, हे खरे आहे. गर्दीत, आवाजात, माणसांच्या जवळ राहून दिवसभर ओढकाम करायचे असल्याने बिचकणारे जनावर पैदाशीत टिकले नाही. परंतु शांत म्हणजे हलके नव्हे. ८०० किलोचा घोडा सावकाश, कोणताही राग न धरता तुमच्या पायावर खूर ठेवू शकतो, आणि तो उचलण्याची त्याला घाई नसते.

या गटातही फरक आहेत. शायरच्या पायांवर भरघोस केसांची झालर असते. सफोकच्या पायांवर ती जवळपास नसते, कारण त्याला चिकणमातीच्या शेतात राबायचे होते आणि झालरीला चिखल चिकटून पाय जड झाले असते. झालरीखाली ओल राहते, किडे होतात, कातडी सुजते. ती झालर रोज हाताने विलग करून पाहावी लागते. बेल्जियन आणि पर्शेरॉन यांच्यात स्नायूंमध्ये विचित्र शर्करा साठवण्याचा ‘पीएसएसएम’ हा आनुवंशिक दोष बराच आढळतो. अशा घोड्याला धान्य भरवले आणि मग दोन दिवस उभे ठेवले की पुढच्या कामाला त्याचे स्नायू आखडतात. उंचीचा विक्रमही याच गटाकडे आहे: १८४६ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला सॅम्पसन हा शायर २१.२½ हॅण्ड, म्हणजे सुमारे २.२ मीटर, भरला होता.

पोनीच्या हट्टीपणाविषयी माझे मत वेगळे आहे. पोनी बहुतेकदा मुलांच्या हाती असतो, आणि मोठ्यांइतका भार व स्थिर इशारा देणारा स्वार त्याला मिळत नाही. ज्या जनावराने खडतर मुलखात स्वतःच्या बुद्धीने वाट काढली, ते चुकीच्या इशाऱ्याला दाद देत नाही. खाणकायद्याने १८४२ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांना आणि लहान मुलांना जमिनीखाली काम करण्यास मनाई केली, तेव्हा त्यांच्या जागी शेटलँडांची मागणी वाढली. अंधाऱ्या, बुटक्या बोगद्यांत गाडे ओढण्याचे काम बुद्धू किंवा आडमुठ्या जनावराच्या आवाक्यातले नव्हते.

नवशिक्याने जात पाहण्याआधी वय पाहावे. बारा-पंधरा वर्षांचा, अनेकांना शिकवून झालेला, कोणत्याही जातीचा घोडा हा तीन वर्षांच्या ‘शांत जातीच्या’ घोड्यापेक्षा केव्हाही बरा.

काजवा:

अखाल-तेके राहूनच गेला. तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातील हा घोडा अंगाने शिकारी कुत्र्यासारखा सडपातळ, आणि केसांवर धातूसारखी चमक. १९३५ मध्ये तुर्कमेन स्वार अश्गाबादहून मॉस्कोपर्यंतचे ४,००० किलोमीटरहून अधिक अंतर ८४ दिवसांत कापून गेले, त्यात काराकुमच्या वाळवंटाचा पट्टाही होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ‘अब्सेंट’ या काळ्या अखाल-तेकेने ड्रेसाजचे, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर डौलदार चाली करून दाखवण्याच्या स्पर्धेचे, सुवर्णपदक मिळवले. वाळवंटी सहनशक्ती आणि आखाड्यातील नजाकत एकाच जातीत असू शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पिंपळपान:

शेवटी एक प्रश्न मीच विचारते, कारण पोनीच्या व्याख्येशी तो जोडलेला आहे. मंगोलियाचा प्रझेवाल्स्की घोडा १२ ते १४ हॅण्डचा, जाड मानेचा, उभ्या आयाळीचा असतो. मापाने तो पोनी. त्याला कोणत्या खान्यात घालायचे?

रिकीब:

कोणत्याच नाही. त्याच्या पेशीत ६६ गुणसूत्रे असतात, पाळीव घोड्याच्या ६४. दोघांची संतती ६५ गुणसूत्रांची होते आणि ती प्रजननक्षमही असते. आजच्या सर्व पाळीव घोड्यांचा उगम सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी व्होल्गा-डॉन परिसरातील गवताळ प्रदेशात झाला, हे २०२१ मधील व्यापक डीएनए अभ्यासातून दिसले. प्रझेवाल्स्कीची शाखा त्याहून कितीतरी आधी वेगळी झाली होती. २०१८ च्या अभ्यासाने तो कझाकस्तानातील बोताई संस्कृतीच्या घोड्यांचा वंशज असल्याचे दाखवले. ते बोताई घोडे खरोखर पाळलेले होते की केवळ शिकारीचे, यावर मतभेद आहेत, आणि म्हणून प्रझेवाल्स्कीला ‘अखेरचा रानघोडा’ म्हणावे की नाही, यावरही.

मंगोलियाच्या रानात तो १९६९ मध्ये शेवटचा दिसला. आज जिवंत असलेले सर्व प्रझेवाल्स्की बंदिवासातील सुमारे १२ ते १४ पूर्वजांपासून आले आहेत, आणि १९९२ पासून त्यांना मंगोलियात पुन्हा सोडले जात आहे. गंमत अशी की, ज्याला जातच नाही त्या या घोड्याचे स्टडबुक मात्र अत्यंत काटेकोर आहे; प्राग येथील प्राणिसंग्रहालय ते १९५९ पासून सांभाळते, आणि जवळच्या नात्यातील जोड्या टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पिंपळपान यांनी ज्या कागदांवर टीका केली त्यांचा इथे नेमका उलटा वापर झाला आहे. २०२० मध्ये ‘कर्ट’ नावाचे शिंगरू जन्मले, ते १९८० मध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींपासून केलेले क्लोन आहे. त्या पेशी ज्या नराच्या होत्या, त्याचे जनुकीय वैविध्य जिवंत कळपांत विरळ झाले होते. कर्टमार्फत ते पुन्हा कळपात आणावे, अशी त्यामागची योजना होती.